तुझ्या नावाच्या शिष्यवृत्तीत तू बसली नसतीस

प्रिय वनिता,

अभिनंदन! तू एम.एस.डब्ल्यू. झालीस.

हसू नकोस, खरंच सांगते. माझ्यासमोर टेबलावर एक गुळगुळीत कागदाचं पत्रक पडलंय. त्यावर तुझा फोटो आहे, तोच, आधार कार्डावरचा, ज्यात तू कुणीतरी तुझ्यावर ओरडल्यासारखी दिसतेस. आणि खाली ठळक अक्षरांत छापलंय, ‘कै. वनिता भोईर, एम.एस.डब्ल्यू. स्मृती शिष्यवृत्ती. बालकल्याण क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी.’ जी डिग्री तुला जिवंतपणी मिळाली नाही, ती या लोकांनी छापखान्यात देऊन टाकली! कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. बाईनं लहान मुलांच्या कामात इतकी वर्षं घातली म्हणजे ती शिकलेली असणारच, असं धरून चालले असतील.

तुला जाऊन दोन वर्षं झाली. पाच दिवसांचा ताप काय येतो आणि तू जातेस काय! तेव्हा मी रडले, मग कामाला लागले. पत्रबित्र लिहायचं कधी सुचलं नाही. आज लिहितेय, कारण मला राग आलाय. त्या ट्रस्टचा आलाय, तुझा थोडा आलाय आणि माझा स्वतःचा इतका आलाय की सकाळपासून घरात भांडी आपटतेय. आता कुणाशी बोलू? तूच ऐक.

ट्रस्ट तीच आहे, वने. आपल्या वेळी विद्यावेतन द्यायची ती. गोदामवाल्यांची. फक्त ऑफिस आता काचेचं झालंय आणि पाणी बाटलीतून देतात. तुझ्या कामाबद्दल पेपरात दोन ओळी आल्या होत्या, त्या कुणीतरी सेक्रेटरीसाहेबांना दाखवल्या आणि त्यांना तुझ्या नावानं शिष्यवृत्ती काढायचं सुचलं. मला छाननी समितीवर बोलावलं. मी आता बालगृहात समुपदेशक आहे ना, शिवाय तुझी मैत्रीण! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. नवी साडी नेसून गेले. आणि तिथं अर्जाचा फॉर्म उघडला तर तिसऱ्या नंबरला तीच अट. वर्गातली हजेरी ऐंशी टक्के. अक्षर न् अक्षर तेच. बारा वर्षांत गोदामांचे पत्रे बदलले, रस्ते बदलले, पण तेवढी एक ओळ कुणी हलवली नाही.

आठवतंय ना आपलं वेळापत्रक? सोमवार-मंगळवार फील्डवर्क, बाकी दिवस लेक्चर. आणि शुक्रवारी सकाळी कोणता विषय होता सांग? बालकल्याण! सर फळ्यावर ‘कुटुंबाशी संवाद’ असं लिहून दीड तास बोलायचे, आणि तू त्या वेळी नारपोलीत खरोखरच्या कुटुंबाशी संवाद करत असायचीस. गैरहजर.

एकदा तू मलाही ओढून नेलं होतंस. शुक्रवारी तिथले यंत्रमाग, सगळे लूम बंद असतात हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. एरवी त्या गल्लीत शिरलं की खडखडाटात आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. बाप बारा तासांची शिफ्ट करून आलेला, तो झोपलेला. आई म्हणणार, ‘मर्द से पूछो.’ आणि शुक्रवारी तोच बाप दाढी करून, धुतलेले कपडे घालून, दारात स्टूल टाकून बसलेला असायचा. त्याची नऊ वर्षांची मुलगी कारखान्यात कांडी भरायला जायची, धोट्यात बसते ती सुताची कांडी. तू मंगळवारी चार वेळा जाऊन आली होतीस, चारही वेळा कुलूप किंवा घोरणं. त्या दिवशी मात्र त्यानं आतून आणखी एक स्टूल मागवलं आणि म्हणाला, ‘बोलो मॅडम. बाकी दिन तो मशीन बोलती है, आज हम बोलेंगे.’

तासभर बोलला तो. गावाकडची जमीन, मोठ्या मुलाचा दमा, मालकाची बोलणी, सगळं. तू मध्ये एक शब्द बोलली नाहीस, तू! जिला वर्गात गप्प बसायला सांगावं लागायचं! शेवटी तू एवढंच विचारलंस, ‘चाचा, मुन्नी को दोपहर की शाला में डालें?’ आणि तो म्हणाला, ‘डालो.’ मी घरी, गणेशपुरीला जाणाऱ्या एस.टी.त बसले तेव्हा मला वाटलं, आज आपण काहीतरी शिकलो. पुढच्या शुक्रवारी मात्र मी गुपचूप लेक्चरला बसले. मी होतेच तशी. पाण्यात पाय घालायच्या आधी चार वेळा विचार करणारी.

आणि हजेरी घ्यायचं काम माझ्याकडे होतं. वर्गाची सी.आर. मी!

हे मी कधी कुणाला लिहून दिलेलं नाही, आज तुला देते. ट्रस्टनं हजेरीचा तक्ता मागवला. तू माझ्याकडे आलीस, नेहमीसारखी अर्धी वेणी सुटलेली, आणि म्हणालीस, ‘मंजू, माज्या शुक्रवारच्या रकान्यात फील्डवर्क लिही ना. खोटं थोडंच हाय? गृहभेटींची वही दाखवते पायजे तर.’ मी काय म्हणाले? ‘नियम आहे गं. फील्डवर्क सोमवार-मंगळवारीच धरतात.’ नियम! मोठी नियमवाली! मला तेव्हा माहीत होतं की ट्रस्टच्या प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं आहे. बाबांचं हार-फुलांचं दुकान रस्त्याच्या कामात गेलं होतं, घरात आई एकटी कमावत होती, तिसऱ्या सेमिस्टरची फी भरायची होती. मी पट्टी घेऊन सरळ रेघा मारल्या आणि तुझ्या सगळ्या शुक्रवारांना ‘गै’ लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

तुझं विद्यावेतन बंद झालं आणि मला सुरू झालं.

तू भांडली का नाहीस गं? हा माझा तुझ्यावरचा राग. तुमच्या गावच्या, कोनच्या नाक्यावर रिक्षावाल्यानं जास्त मागितलं तर त्याच्या सात पिढ्या काढणारी तू, माझ्यासमोर येऊन डबा उघडलास, भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे सरकवलीस आणि म्हणालीस, ‘घे. एकीचं तरी झालं ना, बरं झालं.’ दोन कानफटात दिल्या असत्यास तर मी सुटले असते! तुझा तो मोठेपणा बारा वर्षं घशात अडकलाय. आणि फी भरता न आल्यानं कॉलेज सुटलं, पण नंतर परीक्षेला पुन्हा बसली का नाहीस? एक सेमिस्टर राहिलं होतं, एकच! मी तुला किती वेळा म्हटलं. नाही, खरं सांगायचं तर दोनदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तू नारपोलीच्या त्या बालवर्गात मदतनीस म्हणून लागली होतीस आणि कडेवर शेंबडं पोर घेऊन मला म्हणालीस, ‘याला कोण बघील, तुझा बाप?’

मदतनीस! नऊ वर्षं मदतनीस! कारण काय तर डिग्री नाही. डिग्रीवाल्या मुली यायच्या, वर्षभर थांबायच्या, पुण्याला नाहीतर ठाण्याला निघून जायच्या. त्यांना कोणत्या घरात कसं शिरायचं ते तू दाखवायचीस. अहवाल तू तोंडी सांगायचीस, त्या लिहायच्या आणि खाली सही त्यांची. मीटिंगला साहेब आले की तुला सांगायचे, ‘वनिताताई, जरा चहाचं बघा.’ हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मीही त्या मीटिंगला होते आणि तू आणलेला चहा मीही प्यायले.

मला एक कळत नाही. इंजिनियरिंगच्या पोराला कंपनीत शिकायला पाठवलं तर कंपनी त्याला पैसे देते. आणि आपल्या मुली दोन वर्षं स्वतःच्या खिशातून शेअर रिक्षाचं भाडं भरून वस्त्यांत फिरतात, लोकांची मुलं शाळेत नेऊन बसवतात, मार खाणाऱ्या पोरांना वाचवतात, आणि त्यांना विद्यावेतन द्यायचं म्हटलं की सगळ्यांना एकदम शिस्त आठवते! आणि तेही मिळायचं कधी? परीक्षा झाल्यावर. वरातीमागून घोडं. मुलांचं काम करणारीला पोट नसतं का? तिला घरून निघावं लागत नाही का? समाजसेवा म्हटली की सगळ्यांना ती फुकट हवी असते, आणि करणारीनं वर हसतमुख राहायचं!

आता ऐक गेल्या गुरुवारी काय झालं ते.

छाननीला आम्ही तिघं. सेक्रेटरीसाहेब, कॉलेजचे एक तरुण सर आणि मी. शेवटचा अर्ज रुबिना नावाच्या मुलीचा. नारपोलीचीच. वडील लूमवर, ही घराण्यातली पहिलीच कॉलेजात गेलेली, आता शेवटचं सेमिस्टर. तिला कामच मुलांचं करायचंय, दुसरं काही नको. तिच्या गृहभेटींची वही मी चाळली आणि अंगावर काटा आला. तुझीच वही वाटावी अशी. कोणत्या घरात कोण आजारी, कोणत्या पोराला चष्मा लागलाय, कुणाची आई कुणाच्या आईशी बोलत नाही म्हणून पोरं एका वर्गात बसत नाहीत. आणि हजेरी? चार टक्के कमी.

‘शुक्रवारी कुठे असतेस बेटा?’ साहेबांनी विचारलं.

‘सर, शुक्रवारीच सगळ्यांचे अब्बू घरी असतात ना,’ ती म्हणाली. ‘बाकी दिवस गेले तर कुलूपच भेटतं. परमिशनसाठी मी अर्जपण केला होता. जवाबच नाही आला.’

‘तळमळ चांगली आहे. पण शिस्तही हवी ना? आणि समाजकार्यात येणाऱ्यानं पैशाचा इतका विचार करायचा नसतो.’ हे बोलताना साहेबांच्या समोर काजूची बशी होती, वने. मी काही वाढवून सांगत नाही.

रुबिना उठता उठता थांबली. तिनं पत्रकावरचा तुझा फोटो बघितला आणि अगदी सरळ मनानं विचारलं, ‘सर, वनिता मॅडम कसं मॅनेज करायच्या? त्या घरी कधी जायच्या आणि लेक्चरला कधी बसायच्या?’

साहेब माझ्याकडे वळले. ‘या सांगतील. या त्यांच्या खास मैत्रीण.’

आणि मी काय सांगितलं माहितीये? मी म्हणाले, ‘त्या फार मेहनती होत्या.’

बस्स. एवढंच. त्या पोरीनं मान डोलावली, तिला वाटलं असेल की आपणच कमी पडलो. ती गेली. तिच्या अर्जावर ‘अपात्र’ लिहिलं गेलं आणि खाली तीन सह्या झाल्या. तिसरी माझी. बाहेर जिन्यात ती मला भेटली, म्हणाली, ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ. मानकोलीला गोदामात स्कॅनिंगची ड्युटी मिळतेय, पुढच्या महिन्यापासून जाते. डिग्री बादमें बघू.’ बादमें! मला ते ‘बादमें’ चांगलं ठाऊक आहे.

त्या दिवशीसुद्धा मी काही केलं नाही. घरी आले, साडीची घडी घातली. इतकी सवय झालीय मला.

काल कोनला तुझ्या घरी गेले, काकींना कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला. येत्या रविवारी समारंभ आहे, तुझ्या आईला पहिल्या रांगेत बसवून शाल देणार आहेत. काकी ओट्यावर भेंड्या निवडत बसल्या होत्या, विकायच्या वेगळ्या, घरच्या वेगळ्या. गुडघा सुजलाय, पण बसणं तसंच. पत्रिका हातात घेतली, तुझ्या फोटोवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, ‘वाचून दाव. सगला वाच, अटी पन.’

मी वाचलं. हजेरीची ओळ मी घाईनं वाचून टाकली. काकींनी भेंडी खाली ठेवली.

‘मंजू, खरा सांग. आमची वनी या कागदात बसली असती का न्हाय?’

‘नाही, काकी.’

‘मंग तिचा नाव कशाला लावलाय यावर?’

मग मी सगळंच सांगून टाकलं. हजेरीचा तक्ता, प्रतीक्षायादी, माझ्या सरळ रेघा, आणि गुरुवारी रुबिनाच्या अर्जावर केलेली सहीसुद्धा. ओट्यावर बसून रडले, बाजूच्या घरातली सून डोकावून गेली. मला वाटलं, आता काकी मला हाकलून देतील. मनातून मला तेच हवं होतं.

काकी म्हणाल्या, ‘मना म्हाईत हाय. वनीनं तवाच सांगितलेला. बोलली, मंजूचे बापाचा दुकान गेलाय, तिला घेऊ दे. माजे घरात भाकरी तरी हाय.’

म्हणजे तुला माहीत होतं! सगळं माहीत होतं, आणि तू डबा उघडलास! वने, हे तू मला सांगायला हवं होतंस. भांडून, शिव्या देऊन, कसंही. तू माझी कीव केलीस आणि मी ती बारा वर्षं न ओळखता खाल्ली. रागावू की पाया पडू, तूच सांग.

पण काकींचं बोलणं संपलं नव्हतं. माझ्याकडे बघत, आवाज अजिबात न चढवता त्या म्हणाल्या, ‘तवा तू गप ऱ्हायलीस, तुज्याकडं काय न्हवता. आता तुला काय कमी हाय? आता का गप ऱ्हायलीस?’

आयुष्यात मला कुणी असं विचारलेलं नाही. साहेबानं नाही, नवऱ्यानं नाही, तू तर नाहीच.

निघताना त्यांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. ‘माझ्या मुलीच्या नावाची शिष्यवृत्ती वस्तीत जाणाऱ्या मुलीला मिळणार नसेल तर माझ्या मुलीचं नाव परत द्यावं.’ मी जरा सौम्य शब्द सुचवले. ‘कृपया’ वगैरे. काकी म्हणाल्या, ‘आपन मांगत न्हाय, आपलं परत घेतोय.’ मग खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर. कोरा शर्ट घालून पोरगं शाळेला निघावं तशी ती सही सरळ उभी आहे.

आज सकाळी साहेबांना फोन केला. मी म्हटलं, माझी सही मागे घेते, अट बदला, शुक्रवारची गृहभेट हजेरीत धरा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, आता बॅनर छापून झालेत. तुमची भावना समजू शकतो. पुढच्या वर्षी बघू.’ आणि मग, ‘तुम्ही रविवारी पाच मिनिटं बोला ना त्यांच्यावर. हृद्य असं काहीतरी.’

मी रुबिनाची फी भरू शकते. भरणारच आहे, तिला आज तसं कळवलंय, गोदामात जाऊ नकोस म्हटलंय. पण नुसती गुपचूप फी भरून घरी बसले तर तो माझाच जुना डाव झाला, माझं मन हलकं आणि अट जागच्या जागी. पुढच्या वर्षी आणखी एक पोर त्या जिन्यातून उतरेल आणि तिला वाटेल की आपलंच चुकलं.

म्हणून तुला वचन देते. रविवारी मी बोलणार आहे. काकी माझ्या शेजारी उभ्या असतील, शाल घ्यायला नाही, कागद द्यायला. पहिल्या रांगेत बालगृहाचे माझे साहेब असतील, कॉलेजचे सर असतील, मागे रुबिना असेल, तिला मुद्दाम बोलावलंय. बालगृहातली माझी नोकरी कंत्राटी आहे आणि मुदत वाढवल्याचं दरवर्षीचं पत्र पुढच्याच महिन्यात यायचंय, तेही मला माहीत आहे. हृद्य असं काही मला येत नाही. मी माइक घेईन आणि पहिलं वाक्य हेच बोलेन, ‘ही शिष्यवृत्ती जिच्या नावाची आहे, तिची शिष्यवृत्ती मी घेतली.’

तुझी,
मंजू